विशेष मुलाच्या पालकांनो, सुरुवात आपल्या तालुक्यापासून करा

माझी मुलगी आता साडेसोळा वर्षांची आहे. ती साडेतीन वर्षांची असताना आमच्या लक्षात आलं की तिचं बोलणं, चालणं, समजणं इतर मुलांच्या मागे आहे. पुढची तीन-साडेतीन वर्षं आम्ही पुण्या-मुंबईच्या चकरा मारल्या, थोडं सोनं मोडलं, नवस केले. पंचायत समितीच्या आवारात, आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर, अशाच मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षिका बसतात हे आम्हाला ती सात वर्षांची झाल्यावर कळलं. तेही एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून. ती वर्षं परत मिळत नाहीत. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. महाराष्ट्रात मदत आहे, पण ती पाच वेगवेगळ्या दारांआड आहे: आरोग्य खातं, शिक्षण खातं, दिव्यांग कल्याण, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, आणि तहसील. ही दारं एकमेकांशी बोलत नाहीत. सिव्हिलमधल्या डॉक्टरांना शाळेतल्या भत्त्याची माहिती नसते आणि मुख्याध्यापकांना विमा योजनेची नसते. यांना जोडणारा दोरा पालकांनाच धरावा लागतो. तो कुठून धरायचा, कोणत्या क्रमाने, ते सांगते.

आधी एक वही आणि एक फाइल

डॉक्टरकडे गेल्यावर दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत आपण म्हणतो, "बोलत नाही, ऐकत नाही, हट्टी आहे." यातून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी पंधरा दिवस वहीत रोज दोन-तीन ओळी लिहा, आणि जसं दिसलं तसंच लिहा. "पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेते, तोंडाने मागत नाही." "कुकरची शिट्टी झाली की कान झाकते." "चमचा धरते पण भात सांडतो." "नावाने हाक मारली तर दहातून तीनदा वळते." मोबाइलवर एकेक मिनिटाचे तीन-चार व्हिडिओ घ्या: खेळताना, जेवताना, चालताना, रडताना. दवाखान्यात मूल बिथरतं आणि घरी करतं ते काहीच करून दाखवत नाही. तिथे हे व्हिडिओ कामी येतात.

बाळंतपणाचे कागद, लसीकरणाचं कार्ड, झटके आले असतील तर त्यांच्या तारखा, आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत मुलाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आजच पाहा. माझ्या मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव अर्धवट होतं. एवढ्याशा चुकीने आमचे चार महिने गेले.

मूल सहा वर्षांच्या आत असेल तर अंगणवाडी

अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना बोलून दाखवायला लाजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. पथकात डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी ते शून्य ते अठरा वयाच्या मुलांत तपासतात. पथक कधी येणार हे सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुष्कळ घरांतून नेमकं उलट होतं. "डॉक्टर येणार, हा गोंधळ घालेल," म्हणून मुलाला आजोळी पाठवतात.

पथकाने संदर्भ चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. ते बहुधा सिव्हिलच्या आवारातच असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-उपचार, श्रवण तपासणी, मानसशास्त्रज्ञ हे सगळं एका छपराखाली असावं ही त्यामागची कल्पना. प्रत्येक जिल्ह्यात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही. कोण कोणत्या वारी येतं ते फोन करून विचारूनच निघा. तपासणी आणि थेरपीला तिथे पैसे लागत नाहीत.

एक कळकळीची विनंती. मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्या. झोपेत करता येणारी बेरा नावाची तपासणी असते, त्यामुळे लहान बाळाचीही होते. "त्याचे वडीलही उशिरा बोलले होते," या एका वाक्यावर कितीतरी कर्णबधिर मुलांची ऐकून शिकण्याची वर्षं वाया जातात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. पण पहिली तपासणी जिल्ह्यातच होऊ शकते.

निदानाचं नाव मिळेपर्यंत थांबू नका. स्वमग्नता (ऑटिझम) की बौद्धिक अक्षमता, की दोन्ही, हे ठरायला कधीकधी वर्ष जातं. चमच्याने जेवायला शिकवायला, खुणेने मागायला शिकवायला, पाठीचे व्यायाम करायला निदान लागत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, कर्णबधिरता, अल्पदृष्टी, वाचादोष, थॅलेसेमिया, बहुविकलांगता असे अनेक प्रकार आहेत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, यांसाठी अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. स्वतः जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रातून करा, पण स्पेलिंग स्वतः तपासा. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग निवडलेल्या सरकारी रुग्णालयात बोर्डाच्या, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, दिवशी हजर व्हायचं. बोर्डाचा वार प्रत्येक रुग्णालयाचा वेगळा असतो आणि प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वाचाही वेगळा असू शकतो. आम्ही एकदा अस्थिव्यंगाच्या दिवशी गेलो आणि दिवसभर बसून परत आलो.

बौद्धिक क्षमतेच्या चाचणीत बिने-कामत ही चाचणी अजूनही वापरली जाते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली धारवाडला बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली, तीच ही. सोबत मूल स्वतःचं किती करतं, म्हणजे कपडे, जेवण, शी-शू, दुकानात जाणं, याबद्दल आईला प्रश्न विचारतात. इथे वही उघडायची. खरं तेच सांगा. टक्के वाढावेत म्हणून कमी सांगू नका, आणि लोक काय म्हणतील म्हणून वाढवूनही सांगू नका. चाचणीच्या दिवशी मूल आजारी, उपाशी किंवा झोपमोड झालेलं असेल तर तसं मानसशास्त्रज्ञांना आधीच सांगा आणि दुसरी तारीख मागा.

कार्डाचे रंग तीन आहेत. ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. कायद्याच्या भाषेत याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या दोन महिने आधी पुन्हा अर्ज करा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं, कारण त्याआधी वाचन-लेखन अजून शिकणंच चालू असतं. मुंबईकरांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्याची जुनी आणि अनुभवी सोय आहे.

टक्केवारी पटली नाही तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. साताऱ्यात काढलेलं ठाण्यात चालतं, गोव्यात आणि बेळगावातही चालतं. बदली झाली म्हणून "आमच्या जिल्ह्याचं आणा" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

ज्यांना ४० पेक्षा कमी टक्के मिळतात त्या मुलांबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. ती धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. त्यांच्या पालकांनी एवढं लक्षात ठेवावं: सर्वसमावेशक शिक्षणाची कलम १६ आणि १७ सर्व दिव्यांग मुलांसाठी आहेत, त्यांत ४० टक्क्यांची अट नाही. वर्गात पुढे बसवणं, मोठी अक्षरं, जास्त वेळ, वेगळ्या पद्धतीने शिकवणं यासाठी कार्डाचा रंग कोणी विचारू नये.

घरातली वडीलधारी म्हणतात, "कागद काढला की शिक्का बसला. उद्या हिच्या बहिणीचं लग्न?" माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आत्या, कागद नसला तरी ती आहे तशीच आहे. कागद असला तर तिला शाळा मिळेल." पहिल्या बोर्डाला शेवटी त्याच डबा घेऊन सोबत आल्या.

गट साधन केंद्र, म्हणजे खरं पहिलं दार

प्रत्येक तालुक्याला शिक्षण खात्याचं एक गट साधन केंद्र असतं, महापालिकेत शहर साधन केंद्र. समग्र शिक्षा ही योजना २०१८-१९ पासून चालू आहे. तिच्यात समावेशित शिक्षण नावाचा भाग आहे आणि त्याखाली विशेष शिक्षक नेमलेले असतात. ते शाळाशाळांतून फिरतात. मूल सहा वर्षांचं होत आलं की, प्रमाणपत्र हातात असो वा नसो, तिथे जा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज द्या: मुलाचं नाव, वय, गाव, अडचण, जवळची शाळा, आणि "विशेष शिक्षकांनी मुलाची भेट घ्यावी" ही विनंती.

त्या भेटीत पुढच्या गोष्टी विचारून घ्या. शाळेच्या यूडायस नोंदीत, म्हणजे शाळेकडून सरकारला जाणाऱ्या माहितीत, आपलं मूल विशेष गरजा असलेलं म्हणून नोंदवलं आहे का? नोंद नसेल तर वरून येणारी कोणतीच मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण कागदावर ते मूल इतरांसारखंच असतं. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठी वाचक भत्ता यांपैकी काय लागू पडतं? मुलींना महिना २०० रुपये याप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता असतो. रक्कम लहान आहे, पण ती मुलीच्या नावावरच्या खात्यात जमा होते, म्हणून खातं उघडून ठेवा. एक गैरसमज दूर करते: "मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये येतात, ते शाळा खाते," असं गावोगाव बोललं जातं. ती तरतूद साहित्य, उपकरणं, शिबिरं, सोयी यांच्यासाठी आहे, पालकांच्या हातात द्यायची नाही. आपल्या मुलासाठी त्यातून काय झालं हे मात्र जरूर विचारा.

श्रवणयंत्र, व्हीलचेअर, पायाला आधार देणारं कॅलिपर, बौद्धिक अक्षम मुलांसाठी शैक्षणिक साहित्याची पेटी हे सगळं मोजमाप शिबिरांतून मिळतं. अशा शिबिरांत बहुधा अलिम्को या सरकारी कंपनीचे तंत्रज्ञ येतात. मोजमाप एका दिवशी, वाटप काही महिन्यांनी. वाटपात मिळालेली खुर्ची मुलाला मोठी किंवा लहान होत असेल तर घेऊन घरी ठेवू नका. तिथेच सांगा. वाढत्या वयाच्या मुलाची कंबर चुकीच्या खुर्चीत वाकडी होते, आणि ते नुकसान नंतर व्यायामाने भरून निघत नाही.

शाळा कोणती

हक्क काय ते आधी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली. म्हणून खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी त्यांना अर्ज करता येतो, आणि महाराष्ट्रात या गटाला उत्पन्नाची अट नाही. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मात्र हवं. शाळा उघडायच्या कितीतरी आधी हे अर्ज भरले जातात, त्यामुळे जूनमध्ये चौकशी करून उपयोग नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १४ ला थांबत नाही, १८ पर्यंत.

शाळा तोंडी नकार देते, लेखी कधीच देत नाही. "आमच्याकडे सोय नाही हो ताई, तिचंच नुकसान होईल," असं गोड बोलून परत पाठवतात. मलाही एका शाळेने असंच पाठवलं. मी तेव्हा निमूट आले. आज असते तर म्हटलं असतं, "हरकत नाही, हे मला लेखी द्या." बहुतेकदा तिथेच प्रवेशाचा अर्ज पुढे सरकतो.

साधी शाळा की विशेष शाळा, यावर माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकेल. मूल शेजारच्या मुलांसोबत बसू शकत असेल, शिक्षक तयार असतील, तर पहिली तीन-चार वर्षं गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावीत. गावातली मुलं तिला नावाने ओळखतात, पडली तर उचलतात, बाजारात भेटली की हाक मारतात. हे कोणत्याही थेरपीत मिळत नाही. पण ती वर्गात नुसती बसून असेल, कोणी तिच्याशी दिवसभर बोलत नसेल, तर तो समावेश नाही. तेव्हा विशेष शाळा पाहा. पाहायला जाताना न कळवता, शाळा चालू असताना जा. स्वच्छतागृह पाहा. जेवणाच्या वेळी थांबा. मोठ्या मुलामुलींना कोण स्वच्छ करतं, बाई आहेत की बाप्ये, हे विचारा. मुलांना मारतात का हे शाळेला विचारून कळणार नाही, तिथल्या दोन पालकांना बाहेर गाठून विचारा. अठरानंतर पुढे काय, कार्यशाळा आहे का, हेही विचारा.

मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर २०१२ च्या त्याच दुरुस्तीने गृहाधारित शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत नाव असतं आणि विशेष शिक्षक ठरावीक दिवशी घरी येतात. येण्याचे दिवस वहीत लिहा, आले की सही घ्या. शिक्षकांवर अविश्वास म्हणून नव्हे. एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत आणि प्रत्यक्ष किती भेटी होऊ शकतात हे त्यातूनच वर कळतं, आणि जास्त शिक्षक मागायला आधार मिळतो.

शाळेशी बसून आराखडा

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, विशेष शिक्षक ज्याला आयईपी म्हणतात, तो अनेक ठिकाणी छापील कागदावर भरून कपाटात जातो. जूनच्या शेवटी वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका आणि तुम्ही असे तिघं अर्धा तास एकत्र बसा. "भाषा सुधारणे" असं लिहू देऊ नका. लिहायचं असं: "दिवाळीपर्यंत स्वतःचं नाव असलेली चिठ्ठी पाच चिठ्ठ्यांतून ओळखेल." "मधल्या सुट्टीत न सांगता हात धुऊन ताट घेईल." "दहा रुपयांची नोट आणि पाचचं नाणं वेगळं ओळखेल." तीन महिन्यांसाठी तीन उद्दिष्टं पुरे. कोण शिकवणार, कशाने शिकवणार, घरी आईने काय करायचं, आणि जमलं की नाही हे कोणत्या तारखेला पाहायचं, एवढं असलं की आराखडा झाला.

बाईंशी बोलताना एक पाळा. त्यांच्या वर्गात आणखी तीस मुलं आहेत. मी दर सोमवारी एक छोटी चिठ्ठी द्यायची: या आठवड्यात झोप कशी आहे, औषध बदललं का, कशाने चिडते, कशाने शांत होते. पहिल्या महिन्यात बाई नुसत्या वाचायच्या. तिसऱ्या महिन्यात त्या स्वतः चिठ्ठी लिहायला लागल्या.

परीक्षेच्या सवलती आठवी-नववीतच पाहून ठेवा. लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, गणितासाठी सोपा पर्याय, कॅल्क्युलेटर, यांपैकी काय लागू आहे ते दिव्यांगत्वाच्या प्रकारावर ठरतं. दहावीच्या बोर्डाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो. प्रमाणपत्राची मुदत त्या वेळी संपलेली असेल तर मुलाचं वर्ष अडकतं. लेखनिकाचा सराव चाचणी परीक्षेपासूनच द्या. उत्तर डोक्यात असून सांगता न येणं ही वेगळीच अडचण असते. दहावीचा हा रस्ता झेपणारा नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ हे दोन पर्याय आहेत. राज्याच्या मंडळात पाचवी, आठवीच्याही परीक्षा आहेत.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी

हे फार कमी पालकांना माहीत असतं. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लहान ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्नच थोडं, त्यामुळे रक्कम डोळ्यांत भरणारी नसते. पण ती खर्च न होता पडून राहते, किंवा दिवाळीला किराणा वाटून संपवली जाते. अर्ज ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) द्या आणि ग्रामसभेत बोला. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीच्या आसपास ग्रामसभा होतात. मागताना ठोस मागा: शाळेच्या शौचालयाला कठडा, अंगणवाडीला उतरता रस्ता, दोन मुलांना थेरपीला नेण्या-आणण्याचा खर्च. आमच्या ग्रामसभेत पहिल्यांदा बोलले तेव्हा माझे पाय लटपटत होते. मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "माझाबी नातू असाच हाय, त्याचंबी नाव घाला." तोवर आमच्या गावात आपल्याच घरी असं मूल आहे अशी आमची समजूत होती.

पैशाच्या बाकीच्या वाटा, थोडक्यात

निरामय विमा: राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चासह, आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरण विसरू नका, प्रत्येक बिल जपा.

प्रवास: एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत बौद्धिक अक्षम प्रवाशाला सोबत्यासह स्लीपरला ७५ टक्के, पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

आयकर: जुन्या करपद्धतीत घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची. नवीन पद्धत निवडली की ही मिळत नाही. नोकरदार पालकांनी पद्धत निवडण्याआधी हिशेब मांडावा.

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

काम अडलं तर

कोणताही अर्ज दोन प्रतींत. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चिडून भांडणाऱ्या पालकाला साहेब विसरतात, पण आवक क्रमांक सांगणाऱ्याची फाइल शोधावी लागते. शाळेच्या बाबतीत चढती पायरी अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. प्रत्येक पायरीवर पंधरा-वीस दिवस द्या आणि मागच्या अर्जाची प्रत पुढच्याला जोडा. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुधा उत्तराआधी कामच होतं.

त्याही पलीकडे पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. दिव्यांग हक्क कायद्याखालच्या राज्य आयुक्तांना तक्रारीच्या चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. साधी लेखी तक्रार चालते, वकील लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला आहे.

आईचंही कोणीतरी हवं

पाच पालक जमवा. आमचा गट आठवडी बाजाराच्या दिवशी जमतो, कारण त्या दिवशी सगळे तालुक्याला येतातच. नोंदणी, पदाधिकारी, बॅनर काही नाही. एकीला बोर्डाची तारीख मिळाली की ती सगळ्यांना सांगते, दोघी मिळून जीप करतात. एकीच्या घरी दिवसभर दोन मुलं ठेवून दुसरी स्वतःच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. वडिलांनाही ओढून आणा. आमच्याकडे पहिलं वर्षभर एकही पुरुष आला नाही. मग एकाला ट्रॅक्टरने सगळ्यांना शिबिराला सोडायचं काम दिलं, आणि तो तिथून हललाच नाही.

भावंडांकडे लक्ष द्या. माझा मुलगा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. चौथीत असताना त्याने विचारलं, "तिला काही झालं की तुम्ही दोघं जाता. मला काही झालं तर कोण येईल?" तेव्हापासून रविवारची संध्याकाळ फक्त त्याची. रात्र रात्र झोप लागत नसेल, मनात नको ते विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी बोललेली आहे.

अठरा पूर्ण व्हायच्या आधी

मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आणि आईवडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. बँक अडवते, रुग्णालय संमतीपत्रावर अडवतं. निरामयमध्ये सांगितलेल्या त्याच चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा. पालक म्हणून कोणाचं नाव द्यायचं याचं बोलणं मात्र घरात दोन वर्षं आधी सुरू करा, आणि ज्याचं नाव घालणार त्याला समोर बसवून विचारा. मुलालाही त्याच्या समजुतीप्रमाणे विचारा. माझी मुलगी बोटाने दाखवते, पण नेमकं दाखवते. तिने मामीकडे बोट केलं.

दीड वर्षाने तिला अठरा पूर्ण होतील. त्या अर्जासाठी फाइलमध्ये शेवटचं प्लास्टिकचं पाकीट मी आत्ताच लावून ठेवलं आहे. मामीचं आधार त्यात गेलंय, आता तिचा फोटो तेवढा आणायचा आहे.